साहेबांचं टार्गेट उलगडायला गुगल शीट: वाळूजच्या शॉपफ्लोअरवर कितपत कामाचं?

मार्चमध्ये अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा, फॉर्म हातात येतो आणि तेव्हा कळतं, की वर्षभर ज्या कामावर घाम गाळला ते साहेबांच्या यादीत चौथ्या नंबरवर होतं. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी चांगल्या सुपरवायझरांचं प्रमोशन इथंच अडतं. हे टाळायला गुगल शीट हे साधं, फुकटचं साधन वापरून बघण्यासारखं आहे. पाचपैकी चार गुण. एक गुण कापला, कारण साहेबांना विचारायचं अवघड काम शीट करत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं.

मांडणी सहा रकान्यांची ठेवा: साहेबांचा आकडा, आज कुठे आहे, मार्चअखेर कुठे हवा, साहेब तो वर कुणाला आणि कधी दाखवतात, त्यात आपलं काम कुठे लागतं, आणि पुरावा. सगळा जीव चौथ्या रकान्यात आहे. महिन्यातून एकदा दाखवायचा आकडा आणि रोज सकाळी प्लांट हेड विचारतात तो आकडा, यांचं वजन सारखं नसतं.

उदाहरण घ्या. तुम्ही क्वालिटीत आहात. महिन्याला 12,000 नगांत 18 रिजेक्ट, म्हणजे 1,500 पीपीएम (दहा लाख नगांमागे किती रिजेक्ट). वेगळ्या टॅबवर B2 मध्ये एकूण नग, C2 मध्ये रिजेक्ट लिहून =C2/B2*1000000 टाकलं की झालं. तो 900 वर आणला तरी साहेब नुसती मान हलवतात. का? कारण मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडर कंपनीत त्यांना खरा घोर असतो तो ग्राहकाची लाइन थांबण्याचा. रीवर्कमुळे, म्हणजे दोषी नग पुन्हा दुरुस्त करण्यात, माल अडकला की स्पेशल टेम्पो काढावा लागतो आणि त्याचा खर्च थेट साहेबांच्या नावावर लागतो. म्हणून त्या 18 पैकी किती नग शेवटच्या तपासणीत सापडले, त्यापायी किती गाड्या उशिरा सुटल्या, हे पाचव्या रकान्यात लिहा. दोष पहिल्याच ऑपरेशनला पकडणारं फिक्स्चर (नग बसवून धरायची जुळणी) सुचवलंत, तर पीपीएम तर उतरेलच, पण स्पेशल गाड्याही कमी होतील. बोलताना आधी गाड्यांचं बोला.

गाव बदललं की आकडा बदलतो. जालन्याच्या स्टील कारखान्यात टनामागे किती युनिट वीज लागली आणि कच्च्या मालातून किती माल निघाला, यावर मॅनेजरची झोप अवलंबून असते. लातूरच्या डाळ मिलमध्ये उतारा बघतात: एक क्विंटल तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, तिथं एका टक्क्यानंही फरक पडतो. बँकेच्या शाखेत खरिपाआधी पीककर्जाचं वाटप आणि मार्चमध्ये वसुली, त्यामुळे तिथं तारखेचा रकाना आधी भरा.

विचारायचं कसं? "सर, या तिमाहीत वरून सगळ्यात जास्त विचारणा कोणत्या आकड्याची होते? त्यात माझ्याकडून काय हवं?" एवढं पुरे. पाळी बदलताना किंवा महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत विचारू नका. महिन्याचा रिपोर्ट वर गेला, की दोन-चार दिवसांत बसा. जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत पुन्हा विचारा, कारण नवा ग्राहक आला किंवा प्लांट हेड बदलले की अख्खी यादी फिरते. एप्रिलची यादी धरून डिसेंबरपर्यंत राबणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

आता शीटमध्ये काय बिघडतं ते. फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल, म्हणजे तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीनं वाचायचे ते, अमेरिकेचं राहिलं तर 5/4 ही 5 एप्रिल न राहता 4 मे होते, आणि 25/4 ला ते तारीखच मानत नाही. पहिल्याच दिवशी ते भारत करा. सहकाऱ्यांना एडिटरचा हक्क दिला आणि कुणी एकच रकाना सॉर्ट केला तर ओळी विस्कटतात. व्हर्जन हिस्टरीतून जुनं परत मिळतं, तरी कमेंटरचाच, म्हणजे फक्त शेरा लिहिण्याचा, हक्क द्यावा. शॉपफ्लोअरवर नेट जातं, म्हणून फोनच्या ॲपमध्ये शीट ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा. आणि पाचाहून जास्त आकडे भरू नका. दहा ओळींची शीट पंधरा दिवसांत बेवारस होते.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, दर, रिजेक्शनचे आकडे हा कंपनीचा माल आहे. तो खासगी जीमेलच्या खात्यात ठेवला तर नोकरीवर बेतू शकतं. कंपनीचं खातं असेल तर तिथंच शीट बनवा. नसेल तर खासगी शीटमध्ये फक्त प्रश्न, तारखा आणि आपण काय केलं ते लिहा, आकडे कंपनीच्याच संगणकावर राहू द्या. हेही नको वाटत असेल तर 200 पानी वहीत सहा रकाने आखा. बेरजा हातानं कराव्या लागतील, एवढाच फरक.

अप्रेझलच्या आठवडाभर आधी चौथा रकाना हाइड करा, कारण साहेब कुणाला काय दाखवतात हे कागदावर फिरायला नको. बाकीचं आडव्या ए4 वर, फिट टू विड्थ लावून, एका पानात छापा. पुराव्याच्या रकान्यात "खूप मेहनत केली" चालत नाही. तिथं तारीख, आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि बदल कुणी तपासला ते हवं. हे पान साहेबांना बैठकीच्या दोन दिवस आधी द्या, कारण तुमच्या नावाची शिफारस करताना त्यांनाही वर हेच आकडे सांगावे लागतात.