कॉन्टेसाचं टायमिंग आणि भोसरीचे काका

आधीच सांगतो, माझ्या जुन्या कॉन्टेसाचं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते ते, ज्यांनी ठीक केलं त्या भोसरीच्या काकांच्या गॅरेजचं नाव टाकत नाहीये. काकांनी स्वतः हात जोडलेत, "आहेत त्याच गाड्या लावायला जागा नाही, अजून कुणाला पाठवू नका." भोसरी एमआयडीसीत लेथवाल्यांच्या रांगेतलं शेवटचं शटर, बाहेर कायम एक बॉनेट नसलेली जिप्सी उभी. ज्याला शोधायचंय तो एवढ्यावर शोधेल.

माझी गाडी १९९१ ची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ इंजिन. आधीच्या मालकाने हौसेने हेड घासून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवलेलं, कॅम गरम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, रेसचा), वर दोन साइडड्राफ्ट वेबर (आडवे बसणारे कार्बोरेटर). आठवड्यातून चार दिवस पुण्यात चालते आणि आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग असली की तिकडे पळते. त्रास असा की चौथ्यात पाय दाबला की डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज, सिलिंडरमध्ये पेट्रोल चुकीच्या वेळी भडकल्याचा. आधी जिथे दाखवली (शहरातलं गॅरेज, एसी वेटिंग रूम, नाव नको) त्यांनी टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) मारला, म्हणाले फुल अ‍ॅडव्हान्स ३० दाखवतंय (पिस्टन वर पोचायच्या जास्तीत जास्त ३० डिग्री आधी ठिणगी), टायमिंग ओके, कार्ब लीन आहे (पेट्रोल कमी देतो), जेट (त्याची पेट्रोलची भोकं) बदला. जेट बदलले, साडेचार हजार गेले, फुटाणे तसेच.

काकांनी डेल्कोला (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला) हातच लावला नाही आधी. "शून्य कुठंय तुमचं?" मी क्रँकच्या पुलीवरची खूण दाखवली तर नुसते हसले. एक नंबरचा प्लग काढला, जुन्या प्लगचं पोट पोखरून त्यात बोल्ट बसवलेला त्यांचा एक जुगाड आहे, तो त्या जागी आवळला, बॅटरीची वायर काढली आणि पान्याने क्रँक अगदी हळू फिरवला. पिस्टन बोल्टला टेकला की पुलीवर खडूची रेघ, मग उलटा फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवला, दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ते शून्य. आणि जुनी खूण तिथून नऊ मिलिमीटर लांब! पुली साधारण १५० मिमीची, म्हणजे एका डिग्रीला जेमतेम १.३ मिमी, हिशोब केला तर ७ डिग्रीचा घोळ. ती पुली मागे कुणीतरी लेथवर करून बसवलेली, चावीची खाच सरकलीये. म्हणजे लाईटवर ३० दिसत होते तेव्हा इंजिन ३७ वर पळत होतं, आणि मी बिचाऱ्या कार्बला शिव्या घालत होतो. काढलेला प्लग काकांनी भिंगाखाली धरला, पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके, मध्येच एकदोन चकचकीत. "हे चमकतंय ना, हे तुमच्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम." पोटात गोळा आला राव.

मग डेल्को उघडला. आयडलला (पाय न दाबता) ९०० आरपीएमवर क्रँक एका मिलिसेकंदात पाच-साडेपाच डिग्री फिरतो, ६००० ला तेवढ्याच वेळात ३६ डिग्री. पेट्रोल जळायला वेळ तर लागतोच, म्हणून आरपीएम वाढला की ठिणगी लवकर हवी आणि ते काम डेल्कोतली वजनं आणि स्प्रिंगा करतात. गरम कॅमला आयडललाच जास्त अ‍ॅडव्हान्स लागतो, आमच्या गाडीला १६. पण वजनं वर अजून २२ देत होती, बेरीज ३८, घासलेल्या हेडला ते झेपणार नाही. काकांनी वजनांच्या प्लेटची खाच पितळ भरून छोटी केली आणि कानसेने घासत घासत बरोबर ८ डिग्रीवर आणली. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथले ८ म्हणजे क्रँकवर १६. एक स्प्रिंग हलकी टाकली, ३००० ला सगळा अ‍ॅडव्हान्स पूर्ण. खाच घासायला अख्खी दुपार गेली, मी दोन कटिंग आणि एक वडापाव खाऊन बघत बसलो.

ट्रायल रविवारी पहाटे, चाकणकडच्या रिकाम्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरला २५०० ते ५५००, मी स्टॉपवॉच धरून. टाकीत एक्सपी ९५ (९५ ऑक्टेनचं, सहजी न भडकणारं पेट्रोल). ३० ला गाडी जरा जड, ३२ ला मोकळी, ३४ ला वेळ तेवढाच. "वेळ तेवढाच तर कमीवाला ठेवायचा," संपला विषय. ज्यांना वाटतं अ‍ॅडव्हान्स वाढवला की पॉवर वाढते त्यांनी हे डोळ्यांनी बघायला हवं, माझी गाडी ३७ वरून ३२ वर येऊन पळायला लागली. डेल्कोच्या गळ्यावर त्यांनी तीन रेघा मारून दिल्यात, मधली रोजची ३२, एक ड्रॅगच्या दिवशी एक्सपी १०० टाकून ३४, आणि एक कोकणात उतरताना ३०, कारण पुणं साडेपाचशे मीटरवर, खाली हवा जाड, सिलिंडरमध्ये जास्त भरते. मला थाप वाटली होती. पनवेलला ३२ वर पाय दाबला आणि फुटाणे परत हजर, हळू आवाजात. दोन रेघांत नखाएवढंही अंतर नाही हो, आणि आपल्याकडे कानाने डेल्को फिरवून टायमिंग सेट करणारे बहाद्दर आहेत.

आता एक स्टार का कापला ते. दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले. फोन उचलत नाहीत. ६,५०० घेतले, कच्ची पावतीसुद्धा नाही, सीटवर ग्रीसचा अख्खा पंजा. आणि खरी तक्रार म्हणजे व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने हलक्या पायावर ठिणगी अजून लवकर पाडणारी) नळी बंद करून टाकली, "रेसच्या गाडीला कशाला लागतंय." अहो पण ही चार दिवस सिंहगड रोडला असते! हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमध्ये भरणा कमी, तो सावकाश जळतो, तिथे वरून १० डिग्री मिळाले तर इंजिन थंड राहतं आणि पेट्रोल वाचतं. माझं अ‍ॅव्हरेज ९ वरून ८ वर आलंय. साइडड्राफ्टला व्हॅक्युम थरथरतं हे मान्य, पण चारही रनरमधून (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटांमधून) बारीक नळ्या काढून एका छोट्या डब्यात जोडल्या की चालतं. हे सांगितलं तर काका म्हणाले, "करून घ्या कुणाकडून पण, फक्त माझ्या रेघा पुसू देऊ नका."

जायचंच असेल तर गुरुवार टाळा, लाईट नसते.