सांगली ते पुणे आईचं घर हलवलं: पॅकर्स 4 स्टार, एजंट 1 स्टार (तोही बोलायला गोड म्हणून)

दोन रिव्ह्यू एकातच टाकतोय कारण काम एकाच घराचं होतं. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर, बाबा गेल्यापासून आई एकटीच, वय 78, गुडघे गेलेत आणि जिना उभा, त्यामुळे शेवटी ती आमच्याकडे वारज्याला यायला तयार झाली आणि घर विकायचं ठरलं. नावं टाकत नाही, एजंट अजून त्याच भागात हिंडतो आणि आमचे निम्मे नातेवाईक तिथेच राहतात.

आधी एजंट. "काकू, तुम्ही फक्त सही करा, बाकी सगळं माझ्यावर सोडा" टाइप माणूस. आता गावभागात घर बघायला येणारा स्वयंपाकघर नंतर बघतो, आधी विचारतो 2019 च्या पुरात पाणी कुठवर होतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि त्या वर्षी कृष्णा गेली 57 च्या वर, सांगलीत हे कोणापासून लपवणार? तरी हा पठ्ठ्या प्रत्येक पार्टीला सांगायचा की या गल्लीत पाणी शिरलंच नाही ओ, कडेकडेनं गेलं. एकदा आईच्या देखत बोलला. आई उठली, भिंत धरत धरत जिन्यापाशी गेली आणि चौथ्या पायरीच्या वर जी पिवळट रेघ आहे, रंग दिला तरी परत फुटून वर येते, तिच्यावर बोट ठेवून घर बघायला आलेल्या बाईंना म्हणाली, "हे 2019 चं. 2005 चं ह्याच्या खाली होतं, ते गिलाव्यात गेलं." मग 2021 ला माळ्यावर काय काय चढवलं होतं तेही सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या, एजंटचं तोंड बघण्यासारखं झालेलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणतो, दादा, पुढच्या वेळी काकूंना गणपतीच्या देवळात पाठवा की! घर घेतलं ते त्याच बाईंनी. त्यांचं माहेर गावभागातलंच निघालं, पाण्याचा हिशोब भावात धरूनच आल्या होत्या, पण कागद बघायच्या आधी घासाघीस करत बसल्या नाहीत आणि बोलल्या तो आकडा शेवटपर्यंत पाळला.

कागदांच्या बाबतीत तर एजंटनं वैतागच आणला. प्रॉपर्टी कार्डावर अजून बाबांचंच नाव होतं, हा म्हणाला वारस नोंद मी करून देतो, "वरखर्चाला" म्हणून पैसे घेतले आणि महिने गेले तरी साधा अर्ज दिलेला नव्हता. शेवटी मी आणि ताईनं मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र वगैरे गोळा करून स्वतःच नगर भूमापनला अर्ज दिला, नोंद झाल्यावर आम्ही दोघांनी आपापला वाटा सोडून आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. घरातल्या घरात असेल तर त्याचा स्टॅम्प नाममात्र असतो, ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपये, पण ते रजिस्टर करावंच लागतं, नोटरीवर भागत नाही. ते झालं की खरेदीखताला एकट्या आईची सही पुरते. कोणाचे आईवडील अंथरुणाला खिळलेले असतील तर वकिलाला गृहभेटीचं विचारा, नोंदणी कायद्याच्या कलम 31 मध्ये घरी येऊन दस्त नोंदवायची सोय आहे. आमच्या आईला ते नको होतं, इरकल नेसून रिक्षानं रजिस्ट्रार ऑफिसला गेली, तिथे मशीन तिचा अंगठाच घेईना, जन्मभर भांडी घासलेला अंगठा तो, पुसून पुसून शेवटी कसाबसा घेतला.

घर विकून होणाऱ्या नफ्यावरच्या टॅक्सचं मात्र एजंटला चुकूनही विचारू नका, सीए गाठा. घर 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून काढून घ्यायची, तीच खरेदीची किंमत धरता येते. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशन (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून) धरून 20 टक्के किंवा न धरता 12.5 टक्के, जे कमी बसेल ते घेता येतं. आमच्या सीएनं दोन्ही मांडून दाखवलं. हा टॅक्स वाचवायला 54ईसीचे बाँडही असतात, विक्रीपासून 6 महिन्यांत आणि 50 लाखांपर्यंत, पण 5 वर्षं पैसे अडकतात, म्हाताऱ्या माणसाचं दवाखान्याचं वगैरे बघून ठरवा.

आता पॅकर्स. बाकीच्यांनी व्हिडिओ कॉलवर घर बघून रेट टाकला, हे एकटेच माणूस पाठवून गेले आणि तिथंच मला पटले. आमच्या गल्लीत मोठी गाडी शिरतच नाही, त्यानं येऊन ते बघितलं म्हणून हमरस्त्यावर ट्रक उभा केला आणि घरापासून तिथवर छोटा हत्ती टेम्पो लावला, त्याचे पैसे कोटेशनमध्येच होते. दुसऱ्या एकाचा रेट कमी दिसत होता पण त्यात जीएसटी नाही, जिना वेगळा, आणि गाडी आत न आल्यास "जागेवर बघू". हे जागेवर बघू म्हणजे काय ते ज्यानं घर हलवलंय त्याला विचारा.

हमाल पोरं चांगली होती. कुठली वस्तू न्यायची कुठली नाही हे त्यांनी मला विचारलंच नाही, सरळ आईला विचारायचे, आज्जी हे चाललंय काय? मग काय, तिचा दरबार भरला. लोणच्याच्या बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळून, पितळी हंड्यात तांब्या, तांब्यात वाट्या असं सगळं तिनं खुर्चीवर बसून भरून घेतलं. पाट्यावरून वाजलं, एक जण म्हणाला आज्जी हा धोंडा पुण्यात मिक्सर असताना कशाला, तर आई म्हणाली मिक्सर लाइट गेल्यावर चालव की मग. पाटा आला. ठेवायला जागा नाही, बाल्कनीत आहे, बायको रोज ठेचकाळते.

तेल, तूप, रॉकेल ते घेत नाहीत आणि भरलेला सिलिंडरही नाही, त्यामुळे गॅस एजन्सीत सिलिंडर जमा करून ट्रान्सफरचं व्हाउचर आधीच घेऊन ठेवा. दागिने, कागद आणि देव आपल्या गाडीत. आमच्या सोसायटीत सामान चढवायला दुपारी 1 ते 4 मनाई आहे, तेही त्यांनी आदल्या दिवशी फोन करून विचारून घेतलं होतं, हे मला सुचलंही नसतं.

एक स्टार कापला तो शिसवी कपाटाच्या काचेसाठी. तडा गेलाय. सुपरवायझरनं वाद न घालता पावतीवर लिहून दिलं, फोनही उचलतात, पण काच बसवणारा माणूस "रविवारी येतो" म्हणतोय आणि रविवार काही उगवत नाही. बसवली तर पाच करतो.