बीपी निघालं: आधी फिरायला जायचं की मीठ कमी करायचं?

गेल्या वर्षी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो आणि 152/96 ऐकून घरी आलो. पुढच्या पंधरवड्यात डॉक्टरांनी आणखी दोनदा मोजलं, आकडा तिथंच. साखर नव्हती, किडनी ठीक होती, म्हणून तीन महिन्यांची मुदत मिळाली. खाणं-पिणं सुधारा, मग गोळीचं बघू, म्हणाले.

बेळगावात अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला, "व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जा." मी गेलो. दीड महिन्यानं मिठाकडे वळलो. दोन्ही करून बघितलंय, म्हणून ज्याला आज ठरवायचंय त्याच्यासाठी लिहितो.

फिरण्याचा हिशेब सरळ आहे. आठवड्यातले पाच दिवस, रोज 30 मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं. हे नेमानं झालं तर वरचा आकडा साधारण 5 ते 8 नं उतरू शकतो. वजन जास्त असेल तर उतरलेल्या दर किलोमागे सुमारे 1 आणखी. झोप चांगली लागते, पैसा लागत नाही. अडचण आपल्या पावसाची. जूनमध्ये धरला की सप्टेंबरपर्यंत सुट्टी नाही, खानापूरकडे तर त्याहून जास्त. माझे जुलैत सलग अकरा दिवस बुडाले, आणि फिरणं सुटलं की मिळालेला फायदाही ओसरतो. उद्यमबागेत कारखान्याच्या पाळीवर जाणाऱ्याला तर पहाट हाती लागतच नाही.

मिठाचं मात्र मला आधी कळलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्या घरात किती जातं? मिठाचा पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख टाकली. आम्ही चौघं. मर्यादेत राहिलो तर किलोचा पुडा 50 दिवस पुरायला हवा. आमचा 31 व्या दिवशी संपला. म्हणजे माणशी आठ ग्रॅम, आणि विकतचे पापड, चहाबरोबरची खारी त्यात धरलेलीच नाही.

आमच्याकडे भाकरीत मीठ घालत नाहीत. भाजी-आमटीतलंही बेताचं. खरा भार ताटाच्या डाव्या बाजूला होता: खर्डा, शेंगाची चटणी, लोणच्याची फोड, वर पापड. आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. "मीठ काढलंस तर चटणीला चव कसली रे?" एवढंच म्हणाली आणि खलबत्ता पुढं ओढला. त्या दिवशी शेंगाच्या चटणीत मीठ थोडं कमी, लसूण दोन पाकळ्या जास्त. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं कमी. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते. एकदम अळणी केलं तर घर बंड करतं. लोणचं सणावारी, पापड बंद, आमटीला लिंबू. ज्याचं बीपी वाढलेलं आहे त्याचा वरचा आकडा एवढ्यानं साधारण 5 नं खाली येऊ शकतो, आणि पाऊस त्याच्या आड येत नाही.

एक सांगतो, सैंधव घेऊन सुटका नाही, त्यातही बीपी वाढवणारं सोडियमच असतं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

माझं मत सांगायचं तर, घरचं जेवता तर आधी मीठ. त्यात घरातल्या सगळ्यांचंच भलं होतं. खानावळीत जेवत असाल तर मीठ तुमच्या हातात नाही, तिथं आधी चालणं धरा. वजन जास्त असेल तर दोन्ही एकदमच सुरू करा, वाट बघू नका. दारू, तंबाखू यांत निवड करण्यासारखं काही नाही, सोडायचीच. निपाणी भागातल्या आपल्या आया-मावश्यांची मशेरीही त्यातच आली; ती तंबाखूच आहे.

160/100 किंवा त्याहून वर असेल, नाहीतर साखर, किडनी, हृदयाचं दुखणं असेल, तर 'आधी पथ्य, मग गोळी' हा पर्याय धरून बसू नका. गोळी आणि पथ्य बरोबरच चालतात, आणि आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही. 180/120 च्या वर जाऊन छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली तर त्याच क्षणी मोठा दवाखाना गाठा.

घरी मोजताना लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. माझ्या वहीत तिसऱ्या महिन्याच्या शेवटी 136/86 आहे. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. या खेपेचा मिठाचा पुडा 44 दिवस गेला, आणि नव्यावर तारीख आईनंच टाकली.