एक तास आणि तीन चेक नेते: व्याख्यानाला कोण घ्यावा?

'प्राग १९६८' असा विषय ठरला की पहिलं नाव येतं दुब्चेक यांचं, म्हणजे त्या वर्षी मोकळीक देणाऱ्या सुधारणा सुरू करणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षनेत्याचं. ते मुळात स्लोव्हाक, ही गोष्ट सोडून दिली तरी त्यांच्यावर इतकं बोलून झालं आहे की श्रोत्याला पुढचं वाक्य आधीच ठाऊक असतं. आमच्या अभ्यासमंडळातल्या एका मैत्रिणीला म्हणूनच दुसरा माणूस हवा होता. तासभराचं भाषण, एकच आयुष्य, आणि तेही प्रागमध्ये घडलेलं. तिच्या कागदावर तीन नावं होती: फ्रांतिशेक क्रिगेल, योसेफ स्म्रकोव्स्की आणि लुबोमीर श्ट्रोउगल. तिघेही कम्युनिस्ट, तिघेही सत्तेत बसलेले. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा पेच आणखी कुणाला पडू शकतो.

तिघांना एकाच कागदाशेजारी उभं केलं की फरक लगेच कळतो. २०-२१ ऑगस्ट १९६८च्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांचं सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसलं. दुब्चेक, पंतप्रधान चेर्निक, संसदेचे अध्यक्ष स्म्रकोव्स्की, क्रिगेल यांना अटक करून सोव्हिएत संघात नेलं. २६ तारखेला मॉस्कोत एका मसुद्यावर सह्या झाल्या. घुसखोरीच्या छायेत, प्रागच्या एका कारखान्यात भरलेलं पक्षाचं अधिवेशन बेकायदा ठरवायचं आणि सुधारणांना लगाम घालायचा, असा त्याचा मथितार्थ. स्म्रकोव्स्कींनी सही केली. क्रिगेल यांनी केली नाही. श्ट्रोउगल त्या खोलीत नव्हतेच; पंतप्रधान पकडून नेल्यामुळे ते मागे प्रागमध्ये सरकारचा गाडा हाकत होते.

क्रिगेल यांच्यावर बोलणं सगळ्यात सोपं. जन्म १९०८चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या स्तानिस्लावुव या गावी, ज्यू कुटुंबात. वैद्यकीय शिक्षण प्रागला. मग स्पेनच्या यादवी युद्धात आंतरराष्ट्रीय ब्रिगेडचे डॉक्टर, त्यानंतर चीन. इथे आपले श्रोते सावरून बसतील, कारण त्याच वर्षांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही चीनमध्ये होते. फक्त दोघांची गाठ घालून द्यायचा मोह आवरा. कोटणीस उत्तरेत कम्युनिस्टांच्या भागात होते, तर क्रिगेल आणि त्यांचे स्पेनहून आलेले सहकारी चिनी रेडक्रॉसबरोबर. दिवस तेच, ध्येयही सारखंच, पण वाटा वेगळ्या.

मॉस्कोत क्रिगेल यांना वाटाघाटींपासून बाजूला ठेवलं होतं. 'गॅलिशियाचा ज्यू' (त्यांचं जन्मगाव ज्या भागात, तो गॅलिशिया) म्हणून त्यांना हिणवलंही गेलं. सही देत नाहीत म्हटल्यावर त्यांना तिथेच ठेवून घ्यायचा बेत होता, पण बाकीचे त्यांना सोडून परतायला तयार होईनात. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सोव्हिएत सैन्याच्या 'तात्पुरत्या' मुक्कामाचा करार संसदेपुढे आला. बाजूने २२८, तटस्थ १०, विरोधात ४. त्या चारांत क्रिगेल होते. १९६९ मध्ये पक्षातून हकालपट्टी, पुढे मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या 'चार्टर ७७' या जाहीरनाम्यावर सही, १९७९ मध्ये मृत्यू. जाहीर अंत्यविधी पोलिसांनी होऊ दिला नाही.

एवढं सांगितलं की टाळ्या पडतात, आणि माझी अडचण तीच आहे. भाषणाचं स्तोत्र होतं. आपल्याकडे आधीच स्तोत्रांना तोटा नाही. आणि स्तोत्रात एक गोष्ट हमखास गाळली जाते: फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या सशस्त्र कामगार मिलिशियाच्या नेतृत्वात हेच डॉक्टर होते. ज्या पक्षाने वीस वर्षांनी त्यांना बाहेर फेकलं त्याच्या हाती बंदूक देण्यात त्यांचाही वाटा होता. हे सांगायची तयारी असेल तरच क्रिगेल घ्या. तेवढ्याने माणूस लहान होत नाही, फक्त देव्हाऱ्यातून खाली येतो.

श्ट्रोउगल याच्या अगदी उलट. त्यांच्या आयुष्यात टाळ्यांची जागाच नाही. १९२४चा जन्म, शिक्षण कायद्याचं. पस्तिशीत कृषिमंत्री, १९६१ ते ६५ गृहमंत्री, १९६८च्या वसंतात उपपंतप्रधान. घुसखोरी झाली तेव्हा सुरुवातीला त्यांनी विरोधाची भाषा केली. मग वारं कुठल्या दिशेने आहे ते त्यांनी ओळखलं. जानेवारी १९७० मध्ये चेर्निक यांच्या जागी पंतप्रधान झाले ते ऑक्टोबर १९८८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षांहून जास्त! मधल्या काळात सुधारणांची बाजू घेतलेले शिक्षक, पत्रकार, शास्त्रज्ञ कामावरून काढले गेले आणि बॉयलरमध्ये कोळसा टाकायला लागले. पंतप्रधान मात्र तेच. शेवटी तेच आर्थिक सुधारणांची बाजू घ्यायला लागले आणि पक्षाचे सरचिटणीस मिलोश याकेश यांच्या गटाशी बिनसल्यावर पायउतार झाले. गुप्त पोलिसांनी १९४८ मध्ये केलेल्या हत्यांचा तपास गृहमंत्री असताना दडपला, या आरोपाचा खटला कम्युनिस्ट राजवट गेल्यावर चालला. त्यात ते निर्दोष सुटले. सीमेवर पळून जाणाऱ्यांच्या मृत्यूंबद्दल पुन्हा आरोप ठेवले गेले तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. २०२३ मध्ये, ९८व्या वर्षी ते गेले.

त्या राजवटीचं रोजचं कामकाज कसं चालायचं, फाईल कुठून कुठे जायची, हे समजून घ्यायचं असेल तर श्ट्रोउगलसारखा माणूस नाही. एम.ए.च्या प्रबंधाला तर मी डोळे झाकून हेच नाव सुचवेन. पण एका तासाच्या भाषणात खुर्च्यांची यादी वाचली जाईल आणि अर्ध्या तासात मागच्या रांगेत मोबाइल निघतील. त्यात नावाचा उच्चार दर तीन मिनिटांनी करायचा आहे, हेही लक्षात घ्या.

उरले स्म्रकोव्स्की. नाव तेवढंच अवघड, पण माणूस तुम्हाला तासभर पुरेल.

१९११चा जन्म, धंद्याने बेकरीवाले. मे १९४५च्या प्राग उठावात चेक राष्ट्रीय परिषदेतले आघाडीचे कम्युनिस्ट. १९५१ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या राजवटीने त्यांना पकडून जन्मठेप दिली. १९५५ मध्ये सुटले, १९६३ मध्ये निर्दोष ठरले आणि परत त्याच पक्षात उभे राहिले. हा परत येण्याचा भाग नीट सांगा, घाई करू नका. 'का?' हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. जन्मभर ज्याच्यासाठी राबलो ते घर सोडून जायचं कुठे, एवढंच उत्तर मला सुचतं.

१९६८ मध्ये ते संसदेचे अध्यक्ष झाले आणि दुब्चेक यांच्याइतकेच लोकांचे लाडके. मॉस्कोहून परतल्यावर २९ ऑगस्टला ते देशाशी बोलले. सही करताना आपण किती घुटमळलो हे त्यांनी लपवलं नाही. लोक आणि इतिहास याला शहाणपण म्हणतील किंवा विश्वासघातही म्हणतील, याची जाणीव होती, असं त्यांनी सांगितलं. क्रिगेल यांच्या नकारापुढे ही सही ठेवून बघा. एक नाकारतो, दुसरा सही करून तिचा हिशेब लोकांपुढे मांडतो. ऑक्टोबरमधल्या त्या मतदानाच्या वेळी संसदेचं अध्यक्षपद स्म्रकोव्स्कींकडेच होतं, म्हणजे हे दोघे तिथेही आमनेसामने येतात. त्यामुळे स्म्रकोव्स्कींवर बोलताना क्रिगेल यांना वेगळी जागा द्यावी लागत नाही, ते आपोआप येतात. उलट मात्र होत नाही.

शेवट करायला १९७४ मधला प्रसंग घ्यावासा वाटेल. जानेवारीत ते वारले. पुढे त्यांचा अस्थिकलश चोरीला गेला आणि रेल्वेच्या संडासात सापडला. ऐकणारा हबकतो हे खरं. पण मी तो ओझरता सांगेन. त्याऐवजी वर्ष १९६८-६९च्या हिवाळ्याकडे जाईन. देश चेक आणि स्लोव्हाक यांचं संघराज्य होणार होता आणि नव्या संसदेचं अध्यक्षपद स्लोव्हाक माणसाला द्यावं असा आग्रह स्लोव्हाक पक्षनेते हुसाक यांनी धरला. स्म्रकोव्स्कींना हटवणार हे दिसताच धातुकामगारांच्या संघटनेने संपाची धमकी दिली. नेत्याच्या खुर्चीसाठी कामगार कारखाने बंद करायला निघाले होते, आणि त्या नेत्याने स्वतः पुढे येऊन सांगितलं की संप करू नका. अध्यक्षपद गेलं. १९७० मध्ये पक्षही गेला.

मैत्रिणीने अजून हो म्हटलेलं नाही. तिचा जीव कोटणीसांमुळे क्रिगेल यांच्यात अडकलाय.