ग्रँड कॅन्यन रेल्वे: आईबाबांना घेऊन जावा

थोरला भाऊ अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला असतोय, जूनमध्ये आईबाबांना घेऊन गेलतो. ॲरिझोना म्हणजे नुसतं वाळवंट असंच डोक्यात होतं. भाऊ म्हणत होता कारनंच जाऊया ग्रँड कॅन्यनला, म्हणजे तिथल्या त्या प्रचंड दरीला, पण बाबा लहानपणापासून लोंढा-कॅसलरॉक लाईननं फिरलेले, रेल्वे आहे म्हटल्यावर ऐकतायत होय. बरं झालं बघा.

गाडी विल्यम्स नावाच्या छोट्या गावातनं सुटते, १०३ किलोमीटर, सव्वादोन तास. ही लाईन १९०१ साली चालू झाली, मग सगळे कारनं जायला लागले आणि १९६८ ला प्रवासी गाडी बंद, शेवटच्या गाडीत म्हणे तीनच माणसं होती. १९८९ ला परत चालू केली. बाबांना हे लई भिडलं, येताजाता तेच सांगत होते सगळ्यांना.

आम्ही पुलमन डब्याचं तिकीट काढलं, १९२३ चे जुने डबे, एसी नाही पण खिडकी उघडते, आणि खरं सांगतो त्यातच मजा आहे. फिनिक्समध्ये चाळिशीच्या पुढं ऊन आणि इथं पाइनच्या झाडांचा वास. डब्यात एकजण फिडल (व्हायोलिनच) वाजवत आला, परतीला घोड्यावरचे 'दरोडेखोर' गाडी अडवतात, आई लहान पोरीसारखी हसली. खाणं आम्ही घरनंच नेलतं, दशम्या आणि शेंगाची चटणी.

एक आधीच सांगतो, गाडीतनं दरी दिसत नाही. स्टेशनवरनं पायऱ्या चढून वर गेलं की एकदम समोर येते. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढा, ती जागा २१०० मीटर उंचीवर आहे, आपल्या बेळगावच्या जवळजवळ तिप्पट, दम लागतो. आपण पावसाळ्यात गोकाकला घटप्रभेची दरी बघतो ना, तिथं धबधब्याची बावन्न मीटर उडी बघून पोटात गोळा येतो, इथं कोलोराडो नदी सव्वा किलोमीटरपेक्षा जास्त खाली, बारीक दोऱ्यासारखी. दरीची लांबी ४४६ किलोमीटर. अगदी तळाचा जुना खडक सुमारे १७५ कोटी वर्षांचा, आणि त्याचं नाव विष्णू शिस्ट! दरीतल्या शिखरांना विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी नावं आहेत, क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात अशी पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायला सुरुवात केली. भावानं नकाशावर दाखवल्यावर आईनं तिथंच कठड्यापाशी उभं राहून हात जोडले, आणि मग कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही.

वर साडेतीन-चार तास मिळतात. म्हाताऱ्या माणसांना तेवढे पुरतात, पण सूर्यास्त बघायचा असेल तर वरच एक मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत या.

सीझनमध्ये महिन्यातल्या पहिल्या शनिवारी १९२३ चं वाफेचं इंजिन जोडतात, ते वापरलेल्या खाद्यतेलावर चालतंय. आम्ही बुधवारी गेलो. बाबा अजून हळहळतायत, तेव्हा तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर बघा.