माझाच कॉम्प्रेसर मला साडेअकरा हजारांना

मे महिन्यात आमच्या जुन्या हॅचबॅकच्या एसीने रंग दाखवायला सुरुवात केली. तऱ्हा विचित्र होती. नाशिक हायवेला एसी इतका गार की मागे बसलेली आई पदर डोक्यावरून घ्यायची. ठाण्यात परतून कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलो की पाच मिनिटांत कोमट वारा. गाडी हलली की पुन्हा गार.

गॅरेजवाल्याला मी हे अगदी असंच सांगितलं. रोग ओळखायला एवढं वाक्य पुरेसं होतं, हे मला नंतर कळलं. त्याला तेव्हाच कळलं होतं का, हे मात्र आजही सांगता येत नाही. तो म्हणाला, "साहेब, गॅस कमी झालाय. दरवर्षी भरायलाच लागतो."

दरवर्षी! एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तोच फिरतो. आईच्या घरातल्या फ्रीजमध्ये पंधरा वर्षांत कुणी गॅस भरलेला नाही. गाडीत हलणारे सांधे आणि रबरी होज असतात, म्हणून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण एका मोसमात कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. हे सगळं शहाणपण मला नंतर आलं. त्या दिवशी मी १,९०० रुपये दिले आणि त्याने दहा मिनिटांत ४५० ग्रॅमच्या कॅनमधला गॅस आत सोडला. आधी किती गॅस आहे ते पाहिलं नाही, काढला नाही, वजन केलं नाही. बोनेटखालच्या स्टिकरवर आमच्या गाडीची पूर्ण मात्राच ४५० ग्रॅम लिहिलेली आहे. ते स्टिकर मी पहिल्यांदा वाचलं जूनमध्ये.

गॅस भरल्यावर एसी आणखी बिघडला. आता ट्रॅफिकमध्ये कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, टक् करून बंदच पडायचा. परत गेलो. त्याने बोनेटला कान लावला, डॉक्टरसारखी मान हलवली आणि कॉम्प्रेसर गेल्याचं जाहीर केलं. नवा पंचवीसच्या वर, रिकंडिशन साडेअकरा हजारांत, सहा महिने गॅरंटी. गाडी सकाळी ठेवली, रात्री नऊला मिळाली. मोकळ्या सर्व्हिस रोडवर ट्रायल दिली. एसी बर्फ! चालत्या गाडीत तो आधीही बर्फच होता, हे त्या आनंदात माझ्या लक्षात आलं नाही. जुना कॉम्प्रेसर मागितला तर म्हणाला, "एक्स्चेंजमध्ये गेला ना साहेब." बिल विचारलं तर वहीच्या पानावर आकडा लिहून दिला. पैसे यूपीआयने, त्याच्या स्वतःच्या नंबरवर.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच, मानपाड्याच्या गर्दीत. आता तिसरा अंक. डॅशबोर्डखालची कूलिंग कॉईल लीक आहे, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, चौदा हजार. पुरावा म्हणून त्याने मला वाकायला लावून गाडीखाली टपटपणारं पाणी दाखवलं. ठाण्याच्या दमट हवेत एसी चालू असला की पाणी टपकणारच. कॉईल गार होतेय याची ती खूण, लीकची नाही. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं, म्हणून लीकच्या जागी बहुधा तेलकट काळा मळ बसतो. मला त्याने पाणी दाखवलं, आणि मी हादरलोसुद्धा.

चौदा हजार खिशात नव्हते, म्हणून वाचलो. सोसायटीत टॅक्सी चालवणारे एक काका राहतात. त्यांनी एसी लावून गाडी उभी ठेवायला सांगितली, बिसलरीच्या बाटलीतून पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, पाणी ओतलं आणि म्हणाले, "आता आत बस." मिनिटभरात गार वारा! "कंडेन्सरला हवा मिळत नाहीये. पंखा फिरतोय का, बघितलंस कधी?"

नव्हता फिरत. आमच्या गाडीत शेजारी शेजारी दोन पंखे आहेत, एक रेडिएटरचा, एक एसीचा. रेडिएटरचा चालू होता, म्हणून इंजिन तापत नव्हतं आणि कुणाला शंका आली नाही. गाडी पळताना समोरची हवा पंख्याचं काम करायची.

काकांच्याच ओळखीच्या, फक्त एसीचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे गेलो. गेज लावले. गाडी उभी असताना हाय साईडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा काटा साडेतीनशे पीएसआयच्या पुढे सरकत गेला आणि कॉम्प्रेसर टक्. प्रेशर स्विच त्याला फुटण्यापासून वाचवत होता. पंख्याला थेट बॅटरीची वायर दिली, तो भर्रकन फिरला, म्हणजे मोटर ठीक. मग फ्यूज बॉक्समधला हॉर्नचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढून पंख्याच्या जागी खोचला. दोन्ही एकाच प्रकारचे होते. पंखा सुरू, हॉर्न मुका. म्हणजे पंख्याचा रिलेच गेला होता. नवा रिले १८० रुपयांचा.

मशीनने गॅस काढला तर ६१० ग्रॅम निघाला. मेकॅनिक हसला. "कॉम्प्रेसर बदलायचा तर आधी गॅस रिकामा होतो, मग मापात भरतात. मापात भरलेला ६१० कसा होईल?" टॉर्च मारून दाखवलं: कॉम्प्रेसरवर ताजा काळा स्प्रे, त्याचे तुषार ब्रॅकेटवर, वायरवर, आणि बोल्टच्या डोक्यावरून खाली सलग. त्या रंगावर पान्याचा एक ओरखडा नाही. गाडीवरून न उतरवताच रंगवलेला. कोर्टात हे टिकेल की नाही माहीत नाही, मला पुरेसं होतं.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. पहिला प्रश्न आला, बिल आहे का? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे समजल्यावर वहीचं ते पान, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि रंगवलेल्या बोल्टचे फोटो एका फाईलमध्ये लावून ठेवलेत. गॅरेजवाल्याला फोटो पाठवले तेव्हा दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

परवा गायमुखच्या घाटात पाऊण तास अडकलो होतो. बायकोने स्वतःहून ब्लोअर तीनवरून एकवर आणला.