फड, जंगल की कोळीवाडा? प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी

दरवर्षी गणपतीच्या आसपास एम.ए.च्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. सिनॉप्सिस द्यायची तारीख तोंडावर आलेली असते, गाइडनी ‘विषय नेमका करा’ एवढंच सांगितलेलं असतं आणि वहीत एकच ओळ असते: समाज, पर्यावरण, स्त्रिया आणि सत्ता. महाराष्ट्रात हे चारही धागे एकत्र सापडतात म्हणून तीन ठिकाणांची नावं हमखास पुढे येतात. बीडकडच्या ऊसतोड बायका, गडचिरोलीतले सामूहिक वनहक्क आणि मुंबईतल्या मासळी विकणाऱ्या कोळणी. ‘यातला महत्त्वाचा विषय कोणता?’ असं मुलं विचारतात, आणि त्याला उत्तर नाही, तिन्ही तितकेच मोलाचे आहेत. मी त्यांना उलटा प्रश्न विचारते. तिथे आत जायचं दार कोणाच्या हातात आहे, आणि त्या माणसाची परवानगी घेऊन आत गेल्यावर बाई तुमच्याशी मोकळी बोलेल का?

उसाचा फड

दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली, म्हणजे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इकडची गावं रिकामी व्हायला लागतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. टोळ्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे जातात, काही कर्नाटकात उतरतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जोडीची, पण ती येते नवऱ्याच्या हातात, आणि हिशोब मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या वहीत. एक दिवस कामावर गेलं नाही की ‘खाडा’ धरून पैसे कापतात. पाळीचा त्रास असो, ताप असो की नुकतंच बाळंतपण झालेलं असो, खाडा तो खाडाच.

पिशवी, म्हणजे गर्भाशय काढण्याचा प्रश्न या हिशोबाशी जोडलेला आहे: पाळीमुळे खाडा पडू नये. त्याबद्दल २०१९ मध्ये ओरड झाली तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

आकडा इतका भयंकर आहे की बहुतेक प्रबंध त्याच्यावरच थांबतात आणि आरोग्याचे प्रबंध होतात. पर्यावरण प्रस्तावनेत येतं, दुष्काळाच्या एका परिच्छेदात, आणि पुढे गायब होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरा विषय तिथेच आहे. राज्यात पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे ४ टक्क्यांवर ऊस, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा त्याचा. जिच्या कोरडवाहू रानाला एक पाणी मिळत नाही ती बाई दोनशे-तीनशे किलोमीटर जाऊन, ज्याने पाणी पिऊन टाकलं तेच पीक तोडते. आणि तिथे कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, प्यायच्या पाण्यासाठी तिला शेतमालकाची पाण्याची मोटार सुरू व्हायची वाट बघावी लागते. पाणी, पैसा आणि बाईचं शरीर यांचा असा थेट हिशोब दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आता दार. फडावर ते मुकादमाच्या हातात असतं. तो वाईटच असतो असं नाही, पुष्कळदा तो त्याच गावचा, त्याच भावकीतला असतो. पण तो बाजूला उभा असताना उचलीबद्दल कोणी खरं बोलणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका फडावर मी छापील संमतीपत्र आणि शाईचं पॅड पुढे केलं, तेव्हा पंचविशीतल्या एका बाईने हात पदरात ओढून घेतला. म्हणाली, ‘अंगठा नको ताई. अंगठा दिला की फिटेपर्यंत सुटका नसती.’ उचलीच्या कागदावर अंगठा देऊनच ती तिथे आली होती. माझ्या विद्यापीठाच्या दृष्टीने तो कागद तिच्या संरक्षणासाठी होता. तिने आजवर पाहिलेला प्रत्येक कागद तिला बांधून घालणारा होता. त्या दिवसापासून मी फडावर लेखी संमती घेत नाही. तोंडी संमती, ती कशी घेतली याची नोंद, आणि नैतिकता समितीला आधीच तसं कळवलेलं. तुम्हीही हे सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका, नंतर परवानगी मिळवायला महिना जातो.

वेळेचंही तसंच. बाई पहाटे तीन-चारला उठते, दिवसभर तोडते, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरते, अंधार पडल्यावर कोपीवर येऊन चूल पेटवते. तुमच्या दीड तासाच्या मुलाखतीला तिच्याकडे जागा नाही. बोलणं होतं ते गाडी यायला उशीर झाला तर, नाहीतर कपडे धुताना. म्हणून माझं मत असं की फडावर फक्त बघायला जावं, आठ-दहा दिवस, आणि मुलाखती एप्रिलनंतर तिच्या गावात कराव्यात. तिथे दार तिच्या स्वतःच्या घराचं असतं, सासू ऐकत असली तरी. हंगाम संपायच्या आधी जर तुमचा प्रबंध जमा व्हायचा असेल, तर हा विषय घेऊ नका. अर्धवट केला तर त्यात फक्त तिचं दुःख उरतं आणि तुमची सहानुभूती.

गडचिरोलीचं जंगल

इथे दार ग्रामसभेचं, आणि ते उघडं असतं, पण रीतसर वाजवावं लागतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्यांना माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवान्यासाठी वनखात्याकडे हात पसरावा लागत होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. सत्ता म्हणजे काय हे इतकं नेमकं दाखवणारी वस्तू मला दुसरी माहीत नाही: पावतीपुस्तकाएवढी एक चोपडी, आणि ती कोणाच्या कपाटात आहे हा प्रश्न.

पण मेंढ्यालाच जायचा हट्ट धरू नका. तिथे इतके अभ्यासक येऊन गेलेत की तुमच्या प्रश्नांची उत्तरं लोकांना पाठ आहेत. सामूहिक हक्क मिळालेली गावं जिल्ह्यात भरपूर आहेत. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली आहे आणि तिथे बायका प्रतिनिधी म्हणून बसतात. लिंगभावाच्या अंगाने तिकडचं साहित्य मला जास्त जिवंत वाटतं.

कायदा इथे तुमच्या बाजूने बोलतो, आणि म्हणून प्रश्न धारदार विचारता येतो. वनजमिनीचा वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. हे कागदावरचं. आता ठरावाची वही उघडा आणि सह्या-अंगठे मोजा, ती हजेरी. मग सभेला बसा आणि कोण किती वेळा बोललं ते टिपा, तो आवाज. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच तुमचा प्रबंध होऊ शकतो. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी भारत आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास करून दाखवलं की समितीत बायका पाव ते एक तृतीयांश झाल्या की त्यांचं बोलणं वाढतं. तुमच्या एका गावात तसं घडतं का, आणि नसेल तर का नाही, एवढं पाहिलं तरी पुरे.

दुसरी जागा तेंदूची, म्हणजे विडीसाठी लागणाऱ्या पानांची. उन्हाळ्यात पहाटे बायका-पोरं पानं तोडायला जातात, दुपारी घरच्या सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. पानं कोणी तोडली हे सगळं गाव बघतं. पैसे कोणाच्या खात्यात पडले हे मात्र विचारावं लागतं. एका अंगणात मी हा प्रश्न विचारला, तर आजीने पुडा बांधता बांधता नुसतं खाटेवर झोपलेल्या मुलाकडे बोट केलं आणि पुढचं पान उचललं.

अडचणी मोठ्या आहेत. गोंडी येत नसेल तर बायका तुमच्याशी तुटक मराठीत बोलतील आणि बाकीचं एखादा शिकलेला मुलगा भाषांतर करून सांगेल. म्हणजे बाईचा आवाज पुन्हा पुरुषाच्या तोंडून. दुभाषी बाईच शोधा, तिला मानधन द्या, आणि प्रबंधात तिच्या कामाची नोंद करा. पावसाळ्यात दक्षिणेकडचे रस्ते तुटतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून वेगळं पडतं. एटापल्लीत सुरजागडच्या लोहखाणीच्या बाजूला जायचा विचार असेल तर दार एकट्या ग्रामसभेचं राहत नाही, पोलीस आणि कंपनी दोघंही मध्ये येतात. पहिल्या प्रबंधाला ते झेपत नाही आणि तुमच्याशी बोललेल्या माणसांना त्याची झळ लागू शकते. मी नकोच म्हणेन.

कोळीवाडा

मुंबईत राहणाऱ्यांना हा सोपा वाटतो, आणि पोचायला तो सोपा आहेही. लोकलचा पास पुरतो. पुरुष समुद्रात, बाजार बायकांचा. त्यामुळे बाईशी बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. पहाटे ससून डॉकला लिलाव, मग टोपली घेऊन बाजार, दुपारनंतर घरी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बायकांना थोडी उसंत मिळते.

इथला प्रश्न सागरी किनारा मार्गाभोवती चांगला बांधता येतो. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी बोटी सुखरूप जाव्यात म्हणून पुलाच्या दोन खांबांत १६० मीटर अंतर मागितलं. आराखड्यात ६० होतं, लांबलेल्या आंदोलनानंतर १२० वर तडजोड झाली. ही लढाई बोटींची होती आणि बोटी पुरुषांच्या. किनाऱ्याच्या खडकांवर ओहोटीला कालवं काढणाऱ्या बाईकडे ना बोट, ना परवाना, मग तिचं नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचं? हा प्रश्न एका प्रबंधाला पुरतो. धोका एवढाच की शहरात कागद भरपूर मिळतो: न्यायालयाचे निकाल, अहवाल, बातम्या. मुलं त्यातच रमतात आणि बाजारात चार वेळाच जातात.

मग निवड कशी करायची

तुमच्या हातात सलग दोन महिनेच असतील, प्रवासाला पैसे नसतील आणि तुम्ही मुंबई-ठाण्यात राहत असाल, तर कोळीवाडा घ्या. यात कमीपणा काही नाही. ओळखीच्या गल्लीत चाळीस वेळा गेलेल्या मुलीचा प्रबंध परक्या गावात चार दिवस राहिलेलीपेक्षा नेहमीच चांगला होतो.

हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही मोकळे असतील, किंवा तुम्ही स्वतः मराठवाड्यातले असाल, घरातलं कोणी कारखान्याला गेलेलं असेल, तर ऊस. अशा मुलामुलींना मी आग्रह करते. त्यांना दार वाजवावं लागत नाही, आणि ‘खाडा’ शब्दाचा अर्थ त्यांना कोणी समजावून द्यावा लागत नाही. फक्त स्वतःच्या घरातली गोष्ट लिहिताना आईला आधी विचारा.

गडचिरोली त्यांच्यासाठी, ज्यांना पुढे पीएच.डी. करायची आहे आणि भाषा शिकायची तयारी आहे. पहिल्या वर्षी एक गाव, एक हंगाम, ठरावाची एक वही. आणि एक गोष्ट तिथे करता येते, जी फडावर जवळजवळ अशक्य आहे, कारण फडावरची माणसं पुढच्या वर्षी कुठल्या कारखान्याला असतील ते त्यांनाही ठाऊक नसतं. प्रबंध जमा झाला की त्यातला मुख्य भाग सोप्या मराठीत दहा पानांत लिहा, दुभाषी बाईला बरोबर घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. परवानगी मागायला गेलात त्याच दिवशी हे कबूल करा आणि ठरावात लिहून घ्या. तारीख सभेलाच ठरवू द्या, फक्त तेंदूच्या दिवसांत नको म्हणावं, नाहीतर बायका येऊ शकणार नाहीत.